वायफाय ड्रायव्हरमधील सशर्त कंपायलेशन: नवोदितांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

लिनक्स कर्नलच्या वायफाय ड्रायव्हरवर काम करताना एखादी सोय ‘निवडली असेल तरच कंपाईल व्हावी’ अशी गरज वारंवार पडते. पॉवर मॅनेजमेंट काही यंत्रांत असते, काहींत नसते. डीबगएफएस, म्हणजे ड्रायव्हरची आतली माहिती फाईलींतून दाखवणारी सोय, विकासकाच्या लॅपटॉपवर हवे असते, पण राउटरच्या लहानशा फ्लॅशमध्ये त्याला जागा नसते. अशा वेळी नवोदित माणूस हाताशी असलेले पहिले साधन उचलतो आणि सी फाईलमध्ये जिथे गरज दिसेल तिथे इफडेफ, म्हणजे चिन्ह ठरलेले असेल तरच पुढच्या ओळी ठेवणारी प्रीप्रोसेसरची आज्ञा, घालतो. त्याच्या यंत्रावर ड्रायव्हर नीट चालतो, आणि तरीही कर्नलकडे पाठवलेला पॅच, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, परत येतो. हा लेख त्या परत येणाऱ्या पॅचसाठी आहे.

कर्नलच्या कोडिंग स्टाईल दस्तऐवजातील २१वा भाग याच विषयाला वाहिलेला आहे. तो लहान आहे आणि वाचायलाच हवा, पण त्यातील नियम प्रत्यक्ष ड्रायव्हरमध्ये कसे उतरतात हे तिथे सांगितलेले नाही. सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: शक्य तितका कोड प्रत्येक कॉन्फिगरेशनमध्ये कंपायलरच्या नजरेखालून गेला पाहिजे. इफडेफने झाकलेली ओळ प्रीप्रोसेसर आधीच काढून टाकतो, त्यामुळे तिच्यातील चुकलेला डेटाचा प्रकार, बदललेले फंक्शनचे नाव किंवा राहून गेलेला अर्धविराम कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि ती सोय निवडणाऱ्या कुणा दुसऱ्याच माणसाचे बिल्ड काही महिन्यांनी मोडते.

उदाहरणासाठी मी क्वालकॉम अथेरॉस चिपचा एथ१०के हा ड्रायव्हर घेतला आहे, कारण त्यात जवळजवळ सगळ्या पद्धती एकाच फोल्डरमध्ये पाहायला मिळतात. कोडमधील नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; फाईलमध्ये ती रोमन लिपीत, आणि बहुतेक मॅक्रो व कॉन्फिगची चिन्हे मोठ्या अक्षरांत दिसतील.

आधी हाताशी काय हवे

- वायफायचे नवे बदल जिथे जमा होतात त्या वायरलेस-नेक्स्ट या गिट रिपॉझिटरीची ताजी प्रत. वितरणासोबत आलेल्या जुन्या कर्नलवर पॅच तयार करू नका.
- जीसीसी किंवा क्लँग, मेक, फ्लेक्स, बायसन, तसेच ओपनएसएसएल आणि लिबएल्फच्या विकासासाठीच्या फाईली.
- स्पार्स हे तपासणीचे साधन.
- कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधील चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी), कॉन्फिग, गेट-मेंटेनर आणि चेककेकॉन्फिगसिंबॉल्स या स्क्रिप्ट. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही.
- दोन-तीन वेगवेगळ्या कॉन्फिगरेशनची बिल्ड ठेवता येतील एवढी मोकळी डिस्क.

प्रत्यक्ष वायफाय कार्ड असेल तर उत्तमच, पण केवळ कंपायलेशनची मांडणी सुधारायची असेल तर ते अनिवार्य नाही. मात्र कार्डावर चालवून पाहिले नसेल, तर तसे पॅचच्या वर्णनात स्पष्ट लिहावे लागते.

१. चिन्ह कुठून येते ते आधी समजून घ्या

कॉन्फिग_ने सुरू होणारे प्रत्येक चिन्ह केकॉन्फिग या, कर्नलचे पर्याय मांडणाऱ्या, फाईलमध्ये जन्माला येते. तिथे त्याचा प्रकार ‘बूल’ असेल तर उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. ‘ट्रायस्टेट’ असेल तर तिसरी शक्यता येते, ती म्हणजे मॉड्यूल. मेक चालवल्यावर या उत्तरांवरून ऑटोकॉन्फ नावाची हेडर फाईल तयार होते आणि ती प्रत्येक सी फाईलला आपोआप जोडली जाते.

नवोदितांचा पहिला मोठा गोंधळ इथेच होतो. आरएफकिल या सोयीचे उदाहरण घ्या. उत्तर ‘हो’ असेल तर कॉन्फिग_आरएफकिल या नावाची किंमत १ ठरते. उत्तर ‘मॉड्यूल’ असेल तर ते नाव अस्तित्वातच नसते. त्याऐवजी कॉन्फिग_आरएफकिल_मॉड्यूल या वेगळ्या नावाची किंमत १ ठरते. उत्तर ‘नाही’ असेल तर दोन्ही नावे नसतात, शून्य अशीही कुठे नोंद नसते. म्हणजे ट्रायस्टेट चिन्हावर नुसता इफडेफ लावला, तर मॉड्यूल म्हणून निवडलेली सोय तुमच्या ड्रायव्हरला बंद असल्यासारखी दिसेल. बहुतेक वितरणे जवळपास सर्व काही मॉड्यूल म्हणूनच बांधतात, त्यामुळे ही चूक तुमच्या घरच्या कर्नलवर दडून राहते आणि वापरकर्त्यांकडे उघडी पडते. यावर उपाय म्हणजे इज_एनेबल्ड हा मॅक्रो, जो ‘हो’ आणि ‘मॉड्यूल’ या दोन्हींना खरे मानतो.

दुसरा सापळा नावातील चुकीचा आहे. चिन्हाचे एक अक्षर चुकले तरी कंपायलर तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते नाव केवळ अपरिभाषित असते आणि अट खोटी ठरते. इज_एनेबल्डसुद्धा अशा वेळी मुकाट्याने शून्य देतो. चेककेकॉन्फिगसिंबॉल्स ही स्क्रिप्ट नेमकी अशी अनाथ चिन्हे शोधून देते. नवे चिन्ह लिहिले की ती एकदा चालवण्याची सवय लावून घ्या.

२. निर्णय केकॉन्फिगमध्येच घेता येतो का ते पाहा

कोडमध्ये अट लिहिण्यापूर्वी ती केकॉन्फिगमध्ये मावते का, हा प्रश्न विचारा. ड्रायव्हरला एखादी सोय नेहमीच लागत असेल, तर ‘डिपेंड्स ऑन’ अशी एक ओळ पुरते आणि कोडमध्ये अट लिहिण्याची गरजच संपते. ‘सिलेक्ट’ वापरताना मात्र सावध राहा. सिलेक्ट समोरच्या चिन्हाच्या अवलंबनांची पर्वा न करता ते सुरू करतो, म्हणून तो ज्यांना स्वतःची अवलंबने नाहीत अशा साध्या चिन्हांपुरताच ठेवावा.

खरी गंमत ऐच्छिक अवलंबनात आहे. सीएफजी८०२११ या कर्नलमधील वायफायच्या सामाईक थराला आरएफकिल, म्हणजे रेडिओ बंद करण्याच्या बटणाची व्यवस्था, असेल तर हवी असते आणि नसेल तर चालते. पण सीएफजी८०२११ कर्नलमध्येच बांधलेला आणि आरएफकिल मॉड्यूल, अशी जोडी मात्र चालत नाही, कारण कर्नलच्या मूळ प्रतिमेला मॉड्यूलमधील फंक्शन लिंक करताच येत नाही. म्हणून त्याच्या केकॉन्फिगमध्ये ‘डिपेंड्स ऑन आरएफकिल किंवा आरएफकिल-नाही’ अशी ओळ आहे. वरवर पाहता ती नेहमीच खरी वाटते आणि नवोदित ती निरर्थक समजून काढायला निघतात. केकॉन्फिगच्या हिशेबात मात्र ‘नाही’ म्हणजे ०, ‘मॉड्यूल’ म्हणजे १ आणि ‘हो’ म्हणजे २. नकार म्हणजे २ मधून वजाबाकी आणि ‘किंवा’ म्हणजे दोहोंतील मोठी किंमत. आरएफकिल २ असेल तर उत्तर २ येते, ० असेल तर नकारामुळे पुन्हा २ येते, पण १ असेल तर दोन्ही बाजू १ ठरतात आणि सीएफजी८०२११वर मॉड्यूलची मर्यादा पडते. जी जोडी लिंक होणार नाही, नेमकी तीच या एका ओळीने बाद होते.

याच प्रश्नावर इज_रीचेबल हा मॅक्रोही सुचवला जातो. समोरची सोय आपल्याला खरोखर लिंक करता येईल तेव्हाच तो खरा ठरतो, त्यामुळे बिल्ड मोडत नाही. पण वापरकर्त्याने सोय निवडलेली असूनही ती मुकाट्याने बंद राहते आणि का बंद आहे याचा पत्ता लागत नाही. एथ१०केच्या तापमानाशी संबंधित भागात तो वापरला आहे, तरीही नव्या कोडमध्ये मी आधी केकॉन्फिगची ओळच सुचवेन. ती माणसाला मेनूमध्ये दिसते.

३. संपूर्ण सोय वेगळ्या फाईलमध्ये न्या

सोय दोन-चार ओळींपेक्षा मोठी असेल, तर तिला स्वतंत्र सी फाईल द्या आणि निर्णय मेकफाईलवर सोपवा. एथ१०केमध्ये वायफायवरून यंत्र जागे करण्याची सोय वॉव नावाच्या फाईलमध्ये आहे, आणि मेकफाईलमध्ये ती फाईल कॉन्फिग_पीएम या चिन्हाला बांधली आहे. स्पेक्ट्रल स्कॅन, ट्रेसिंग आणि टेस्टमोड (चाचणीच्या आज्ञा देण्याची सोय) यांच्याही अशाच वेगळ्या फाईली आहेत. चिन्ह बंद असेल तर फाईल यादीतच येत नाही, त्यामुळे तिच्या आत एकही इफडेफ लागत नाही.

या पायरीवर होणारी चूक म्हणजे मेकफाईलमध्ये अट लिहूनही फाईलच्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तोच इफडेफ पुन्हा गुंडाळणे. तो काढून टाका.

४. हेडरमध्ये स्टब लिहा

फाईल वगळली की तिच्यातील फंक्शनना हाक मारणारा कोड लिंक होणार नाही, आणि इथेच बहुतेक जण हाक मारण्याच्या प्रत्येक जागी इफडेफ घालू लागतात. त्याऐवजी हेडरमध्ये एकदाच इफडेफ लिहा: चिन्ह सुरू असेल तर फंक्शनची खरी घोषणा, आणि एल्समध्ये त्याच नावाचे, त्याच प्रकारांचे, जवळजवळ रिकामे स्टॅटिक इनलाइन फंक्शन. यालाच स्टब म्हणतात.

वॉवचेच पाहा. त्याच्या हेडरमध्ये कॉन्फिग_पीएम असेल तर एथ१०के_वॉव_इनिट या फंक्शनची घोषणा आहे. नसेल तर त्याच नावाचे स्टॅटिक इनलाइन फंक्शन आहे, जे फक्त ० परत देते. मॅक फाईलमध्ये ड्रायव्हरची नोंदणी होताना हे फंक्शन कोणत्याही अटीविना बोलावले जाते, परत आलेली किंमत तपासली जाते आणि चूक असेल तर इशारा छापून मागे फिरले जाते. पॉवर मॅनेजमेंट नसलेल्या कर्नलमध्ये कंपायलरला परतीची किंमत नेहमी ० आहे हे कळते आणि तो ती तपासणी संदेशासकट गाळून टाकतो. तयार झालेला कोड इफडेफ लावल्यासारखाच असतो. वाचणाऱ्याला मात्र नोंदणीचा क्रम सलग दिसतो.

स्टब लिहिताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली म्हणजे ‘स्टॅटिक’ आणि ‘इनलाइन’ हे दोन्ही शब्द हवेत. स्टॅटिक विसरलात तर हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाईलमध्ये तेच फंक्शन तयार होऊन लिंकर दुबार व्याख्येची तक्रार करतो. इनलाइन विसरलात तर न वापरलेल्या फंक्शनचे इशारे येतात.

दुसरी गोष्ट, स्टबऐवजी रिकामा मॅक्रो लिहू नका. मॅक्रोला दिलेल्या आर्ग्युमेंटकडे कंपायलर पाहतच नाही, त्यामुळे चुकीच्या प्रकाराचा पॉइंटर दिला तरी चालून जातो, आणि फक्त त्या हाकेसाठी ठेवलेले व्हेरिएबल ‘न वापरलेले’ म्हणून इशारा देऊ लागते. डीबग संदेश छापणाऱ्या फंक्शनच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण संदेशाचा साचा आणि त्यात भरायच्या किमती यांचा मेळ सोय बंद असतानाही तपासला गेला पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: स्टबने कोणती किंमत परत द्यायची? डीबगएफएस किंवा वॉवसारखी सोय नसणे ही चूक नाही, म्हणून ० योग्य. पण वापरकर्त्याने आज्ञा दिली आणि ती पाळताच येत नाही, अशा ठिकाणी ० परत देणे म्हणजे त्याला खोटे सांगणे. तिथे ‘ही सोय उपलब्ध नाही’ अर्थाचा एररकोडच द्यायला हवा. या बाबतीत आरएफकिलचे हेडर मला फार शिकण्यासारखे वाटते. आरएफकिल बंद असताना त्याचे अलॉक फंक्शन नल परत देत नाही, कारण नल म्हणजे मेमरी संपली असा अर्थ ड्रायव्हर लावेल आणि संपूर्ण नोंदणी सोडून देईल. ते ‘उपकरण नाही’ या अर्थाचा एररकोड पॉइंटरमध्ये गुंडाळून परत देते. पुढे रजिस्टर फंक्शनचा स्टब हाती आलेला पॉइंटर नेमका तोच आहे का ते पाहतो. असेल तर ० देतो, नसेल तर चुकीच्या आर्ग्युमेंटचा एररकोड देतो. परिणामी ड्रायव्हरमधील ‘नल आहे का’ ही नेहमीची तपासणी बदलावी लागत नाही, आणि आरएफकिल नसलेल्या कर्नलमध्येही कार्ड सुरू होते. स्टब लिहिण्याआधी हाक मारणारा परतीच्या किमतीचे काय करतो हे वाचणे किती आवश्यक आहे, ते त्या काही ओळींत दिसते.

५. फंक्शनच्या आत साधा इफ वापरा

कधी कधी अट खरोखरच फंक्शनच्या मध्ये असते आणि तिच्यासाठी वेगळे फंक्शन काढणे जड वाटते. तिथे इफडेफऐवजी सी भाषेतला साधा इफ लिहून त्याच्या कंसात इज_एनेबल्ड वापरा. त्याची किंमत कंपाईल होतानाच ० किंवा १ ठरलेली असते, म्हणून बंद असलेली फांदी कंपायलर पूर्णपणे काढून टाकतो. पण काढण्यापूर्वी तो ती वाचतो आणि तिचे व्याकरण, प्रकार व नावे तपासतो. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपसाठीच्या बी४३ ड्रायव्हरने याच विचाराने बी४३_डीबग हे नाव एकाच हेडरमध्ये १ किंवा ० ठरवून बाकी अनेक ठिकाणी साधा इफ वापरला आहे.

एक बारकावा ध्यानात ठेवा. बंद फांदीत बोलावलेल्या फंक्शनची घोषणा दिसलीच पाहिजे, पण त्याची व्याख्या नसली तरी चालते, कारण हाकच गाळली गेल्यामुळे लिंकरपर्यंत काही पोहोचत नाही. म्हणून अशा फंक्शनच्या घोषणा हेडरमध्ये अटीबाहेर ठेवा.

इफडेफने फंक्शन मधोमध चिरण्याचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे अटीच्या आत ‘इफ’ आणि उघडा महिरपी कंस, आणि बंद करणारा कंस दुसऱ्या अटीत. असा कोड एका कॉन्फिगरेशनमध्ये बरोबर आणि दुसऱ्यात मोडका असू शकतो. लॉक घेणे अटीत आणि सोडणे अटीबाहेर, हाही त्याच जातीचा दोष. असे काही दिसले तर आधी त्या ओळींचे वेगळे फंक्शन करा, मग अटीचा विचार करा.

६. जिथे इफडेफ टाळता येत नाही

इफडेफवर सरसकट बंदी आहे असा समज करून घेऊ नका. अट खोटी असताना नावच अस्तित्वात नसेल, तर साधा इफ उपयोगी पडत नाही. मॅक८०२११ या वायफाय ड्रायव्हरांच्या सामाईक थराच्या हेडरमध्ये ड्रायव्हरने भरून द्यायची जी ऑप्सची (फंक्शनच्या यादीची) रचना आहे, तिच्यातील सस्पेंड आणि रिझ्यूम ही सभासद-नावेच कॉन्फिग_पीएमच्या आत आहेत. त्यामुळे एथ१०केच्या ऑप्स यादीत त्या ओळींभोवती इफडेफ आहे, आणि तो योग्यच आहे. डीबगएफएसमध्ये स्टेशनची नोंद करणाऱ्या सभासदाचेही तसेच.

टेस्टमोडच्या बाबतीत सीएफजी८०२११ने अधिक सुबक वाट काढली आहे. त्याच्या हेडरमध्ये सीएफजी८०२११_टेस्टमोड_सीएमडी हा मॅक्रो आहे. टेस्टमोड सुरू असेल तर तो सभासदाचे नाव, बरोबरचे चिन्ह, फंक्शन आणि शेवटचा स्वल्पविराम अशी पूर्ण ओळ लिहितो. बंद असेल तर काहीच लिहीत नाही. स्वल्पविराम मॅक्रोच्या पोटात असल्यामुळे ड्रायव्हरच्या यादीत या मॅक्रोनंतर स्वल्पविराम द्यायचा नसतो. ती ओळ अपूर्ण समजून तिथे स्वल्पविराम घालाल, तर दोन सलग स्वल्पविराम किंवा एकटाच उरलेला स्वल्पविराम मिळेल आणि बिल्ड मोडेल.

स्ट्रक्टमधील सभासद अटीत ठेवावा की नाही, हा निवाड्याचा प्रश्न आहे. एथ१०केच्या मुख्य स्ट्रक्टमध्ये डीबग आणि स्पेक्ट्रल हे सभासद कॉन्फिग_एथ१०के_डीबगएफएसच्या आत आहेत, आणि डीबग हा सभासद मोठा असल्यामुळे ते समजण्यासारखे आहे. पण चार बाइटच्या एका काउंटरसाठी अट घालू नका. त्या चार बाइटच्या बदल्यात त्याला हात लावणाऱ्या प्रत्येक जागी इफडेफची सक्ती होते.

जो इफडेफ उरेल, त्याच्या एंडइफच्याच ओळीवर कोणती अट संपली हे टिप्पणीत लिहा. दोन-तीन ओळींच्या तुकड्याला त्याची गरज नाही; हेडरमध्ये स्टबची लांब यादी असेल तर ती टिप्पणी नसणे वाचणाऱ्यावर अन्याय आहे.

७. पॉवर मॅनेजमेंटची जुनी आणि नवी रीत

या विषयावर स्वतंत्र पायरी करण्याचे कारण म्हणजे सर्वाधिक इशारे इथूनच येतात. कॉन्फिग_पीएम आणि कॉन्फिग_पीएम_स्लीप ही वेगळी चिन्हे आहेत: दुसरे फक्त यंत्र झोपवण्याशी संबंधित आहे, आणि पहिले सुरू असताना ते बंद असू शकते. सस्पेंडची फंक्शने कॉन्फिग_पीएममध्ये आणि त्यांना यादीत भरणारा जुना मॅक्रो पीएम_स्लीपवर अवलंबून, अशी गाठ पडली की ‘फंक्शन लिहिले पण वापरले नाही’ हा इशारा ठरलेला.

पूर्वी यावर अशा फंक्शनना ‘मेबी_अनयूज्ड’ ही खूण लावली जात असे आणि आजही जुन्या कोडमध्ये ती दिसते. कर्नलच्या ५.१७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, अधिक चांगली सोय आहे. डिफाईन_सिंपल_डेव्ह_पीएम_ऑप्स या मॅक्रोने यादी बनवायची आणि ड्रायव्हरच्या रचनेत ती पीएम_स्लीप_पीटीआर या मॅक्रोतून द्यायची. पीएम_स्लीप बंद असेल तर तो नल देतो, पण फंक्शन कंपायलरला दिसलेली असतात. इफडेफ नको, खूणही नको. मीडियाटेकच्या एमटी७९२१ ड्रायव्हरची पीसीआय फाईल उघडून ही रीत प्रत्यक्ष पाहा.

८. कंपनीकडून आलेल्या ड्रायव्हरमधील दोन सवयी सोडा

पुण्यात किंवा बंगळुरूत एम्बेडेड क्षेत्रात काम सुरू करणाऱ्या अनेक मराठी अभियंत्यांच्या हाती पहिल्यांदा चिप बनवणाऱ्या कंपनीचा, मुख्य कर्नलच्या बाहेर वाढलेला ड्रायव्हर येतो. त्यात ठिकठिकाणी कर्नलची आवृत्ती तपासणारे इफ असतात, कारण एकच कोड अनेक कर्नलवर चालवायचा असतो. मुख्य कर्नलमध्ये हे चालत नाही. तिथला कोड ज्या आवृत्तीत जातो त्याच आवृत्तीसाठी लिहायचा असतो, आणि चेकपॅचही त्यावर बोट ठेवतो. जुन्या कर्नलसाठी बदल हवेच असतील, तर बॅकपोर्ट्स प्रकल्पाप्रमाणे ते वेगळ्या सुसंगती-हेडरमध्ये ठेवा.

दुसरी सवय बाइटच्या क्रमाची. हार्डवेअरच्या डिस्क्रिप्टरसाठी बिटफिल्डचे दोन स्ट्रक्ट, एक लिटल एंडियनसाठी आणि एक बिग एंडियनसाठी, अशी रचना जुन्या कोडमध्ये आढळते. दुसरा स्ट्रक्ट जवळजवळ कोणीच कंपाईल करत नाही, म्हणून त्यातील चूक वर्षानुवर्षे टिकते. त्याऐवजी एलई३२ प्रकाराचे शब्द आणि एलई३२_गेट_बिट्ससारखी फंक्शने वापरली की एकच कोड दोन्हीकडे चालतो आणि स्पार्स तो तपासू शकतो.

सरावासाठी जागा हवी असेल तर स्टेजिंग फोल्डरमधील (अजून पुरेसे न सुधारलेले ड्रायव्हर तिथे ठेवतात) आरटीएल८७२३बीएस हा रिअलटेकच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर पाहा. तो २०१७मध्ये ४.१२ आवृत्तीत कर्नलमध्ये आला आणि कंपनीच्या मूळ कोडमधील असंख्य सशर्त तुकडे सोबत घेऊन आला.

९. सोय सुरू आणि बंद, दोन्ही बाजूंनी बिल्ड करा

प्रत्येक कॉन्फिगरेशनसाठी वेगळे बिल्ड फोल्डर ठेवा. मेकला ‘ओ’ हा पर्याय देऊन ते करता येते, फक्त मूळ फोल्डर आधी मेक एमआरप्रॉपरने स्वच्छ केलेला असावा. मग तुमच्या बदलाशी संबंधित चिन्हाच्या सर्व किमती तपासा: बूल असेल तर दोन, ट्रायस्टेट असेल तर तुमचा ड्रायव्हर आणि समोरची सोय यांच्या सर्व शक्य जोड्या. चिन्हाची किंमत बदलण्यासाठी कॉन्फिग ही स्क्रिप्ट वापरा आणि त्यानंतर मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा.

येथे एक फसवा टप्पा आहे. कॉन्फिग स्क्रिप्ट अवलंबने पाहत नाही. तुम्ही बंद केलेले चिन्ह दुसरे कोणी सिलेक्ट करत असेल तर ओल्डडेफकॉन्फिग ते मुकाट्याने पुन्हा सुरू करते. कॉन्फिग_पीएम बंद करताना हे हमखास घडते, कारण सस्पेंड किंवा हायबरनेशन सुरू असेपर्यंत ते बंद होत नाही. बिल्डपूर्वी तयार झालेल्या डॉट-कॉन्फिग फाईलमध्ये चिन्ह शोधून खात्री करा. नाहीतर तुम्ही एकच कॉन्फिगरेशन दोनदा बांधाल आणि दोन्ही तपासल्याचे समाधान मानाल.

केवळ एथ१०केचे फोल्डर कंपाईल केल्याने वेळ वाचतो, पण त्यात लिंकिंग होत नाही, त्यामुळे राहून गेलेला स्टब पकडला जात नाही. शेवटी एकदा पूर्ण कर्नल, ड्रायव्हर मूळ प्रतिमेत घालून, बांधावाच लागतो. त्यासोबत डब्ल्यू=१ देऊन जादा इशारे आणि सी=१ देऊन स्पार्सची तपासणी करून घ्या. ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सर्व मॉड्यूल म्हणून) आणि काही रँडकॉन्फिग (यादृच्छिक निवड) चालवलेत तर उत्तम. रँडकॉन्फिग अशा विचित्र जोड्या काढते ज्या माणसाला सुचत नाहीत.

बदल फक्त मांडणीचा असेल, तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाईल ब्लोट-ओ-मीटर या स्क्रिप्टने ताडून पाहा. आकार सारखा आला पाहिजे. फाईली तंतोतंत मात्र जुळणार नाहीत, कारण इशारे देणारे मॅक्रो ओळीचा क्रमांक साठवतात आणि ओळी सरकल्या की तेवढा फरक पडतो.

१०. पॅच पाठवताना

मांडणीतील बदल आणि वर्तनातील बदल कधीही एका पॅचमध्ये एकत्र करू नका. विषयाची ओळ ‘वायफाय’, मग ड्रायव्हरचे नाव, मग बदल, अशा क्रमाने लिहा. वर्णनात कोणता इफडेफ काढला एवढे सांगून थांबू नका. कोणत्या कॉन्फिगरेशनमध्ये काय बिघडत होते किंवा वाचताना कशाची अडचण होत होती ते लिहा, आणि कोणत्या किमतींवर बांधून पाहिले तेही लिहा. कार्डावर चालवले नसेल तर एथ१०केमध्ये ‘कंपाईल टेस्टेड ओन्ली’ असे लिहिण्याची रीत आहे. चेकपॅच ‘स्ट्रिक्ट’ पर्यायासह चालवा, गेट-मेंटेनर स्क्रिप्टने कोणाला पाठवायचे ते काढा आणि ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही सहीची ओळ तपासा.

ज्या जुन्या ड्रायव्हरचे हार्डवेअर तुमच्याकडे नाही आणि ज्यात दोष दाखवता येत नाही, त्यातील सगळे इफडेफ एका दमात काढणारी पॅचची मालिका मात्र पाठवू नका. ती तपासण्याचा भार देखरेख करणाऱ्यांवर पडतो, आणि ओळखीच्या कोडमध्ये नवा दोष शिरण्याची भीती त्यांना रास्तच वाटते.

पॅच गेल्यानंतर काही तासांत किंवा काही दिवसांत कर्नल टेस्ट रोबॉटचे पत्र येऊ शकते. तो वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर यादृच्छिक कॉन्फिगरेशन बांधत असतो. पत्रात वापरलेल्या कॉन्फिग फाईलचा आणि कंपायलरच्या आवृत्तीचा उल्लेख असतो; तीच फाईल आपल्या बिल्ड फोल्डरमध्ये ठेवून, तोच कंपायलर वापरून चूक आधी आपल्याकडे उभी करा आणि मगच दुरुस्तीला हात घाला. दुरुस्त पॅच दुसरी आवृत्ती म्हणून पाठवताना पहिल्यापेक्षा काय बदलले ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, म्हणजे तो मजकूर वाचणाऱ्याला दिसेल पण गिटच्या इतिहासात जाणार नाही.